आप्पांचं सुपाचं भांडं

आमच्या आजेसासूबाईंच्या लेखी सूप एकच, पाखडायचं. १९७३ साली आप्पा, म्हणजे माझे सासरे, जर्मनीहून परत आले आणि वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या सोडवून त्यांनी एक पांढरंशुभ्र, झाकणाचं भांडं टेबलावर ठेवलं. "हे सुपाचं भांडं," म्हणाले. त्यावर आजी म्हणाल्या, "सुपाला रे कशाला भांडं? खिळ्याला टांगलं की झालं." लग्न होऊन मी ठाण्याच्या चरईतल्या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात हा किस्सा ऐकला आणि नंतर निदान पन्नास वेळा. सांगणाऱ्या दर वेळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई. सांगून झाल्यावर सगळ्यांत आधी हसणाऱ्याही त्याच.

आप्पा कळव्याच्या जर्मन कंपनीत होते. त्यांना सहा महिने ट्रेनिंगला एर्लांगेनला पाठवलं होतं. जाताना मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि दोन लोकरी बनियन घेऊन गेले. येताना एक ट्रान्झिस्टर, चॉकलेटचे डबे, आईंसाठी एक छत्री (ती अजून उघडते, मिटत मात्र नाही) आणि हे भांडं. विमानात सगळा वेळ मांडीवर धरून बसले होते म्हणे.

भांडं गोल. एकही फूल नाही, सोनेरी कड नाही, काही नाही. नुसतं पांढरं. बाहेरच्या अंगाला वरपासून खालपर्यंत उभ्या बारीक पन्हळी, नऊवारीच्या निऱ्या चापून बसवाव्यात तशा. त्यावरून आडवं नख फिरवलं की कंगव्यासारखा आवाज येतो. लहानपणी माझ्या मुलानं त्यासाठी दोन धपाटे खाल्लेत. आतून मात्र एकदम गुळगुळीत. दहा-बारा वाट्या सार सहज मावतं.

मावतं हे मला कळलं अलीकडे. कारण माझ्या लग्नापासून, म्हणजे १९९२ पासून, त्या भांड्यात काही वाढलेलं मी मोजून तीनदा पाहिलं. एकदा दिराच्या साखरपुड्याला. एकदा आप्पांचे जर्मन साहेब जेवायला आले होते तेव्हा. टोमॅटोचं सार केलं होतं, ते त्यांनी तीनदा घेतलं आणि पुरणपोळीला हात लावला नाही. आणि एकदा आप्पांच्या निवृत्तीला. बाकी सगळी वर्षं ते शोकेसमध्ये. जयपूरच्या बाहुल्या, शिंपल्यांचा गणपती, कोणीतरी आग्र्याहून आणलेला दिव्याचा ताजमहाल आणि मधोमध हे.

दिवाळीच्या आधी शोकेस पुसायचं काम माझं. मी भांडं पुसून जागेवर ठेवलं की आई यायच्या, बघायच्या आणि ते थोडं फिरवून ठेवायच्या. दर वर्षी. गोल भांड्याला कसली आली पुढची-मागची बाजू, हे मी नवी असताना एकदा विचारलं. "तुला नाही कळायचं," असं उत्तर मिळालं. मी सोडून दिलं. सासरी सोडून द्यायच्या गोष्टींची यादी तेव्हा बरीच लांब होती, त्यात हे तळाला.

आणखी एक भानगड होती. आजींच्या सोवळ्यात चिनी माती बसत नव्हती. तांब्या-पितळेचं भांडं चिंचेनं घासलं की शुद्ध, लोखंड चुलीवर तापलं की शुद्ध, पण चिनी मातीला खरकटं लागलं की लागलंच, असा त्यांचा हिशेब. मग लोणचं कशात? चिनी मातीच्याच बरणीत. बरणी चालते, बशी चालत नाही. याचं कारण आप्पांनी त्यांना विचारलं असावं, कारण घरात त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं: "बरणीला खरकटा हात कोण लावतंय?" खरं सांगायचं तर युक्तिवाद बिनतोड आहे.

आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आम्ही तीन वर्षं कोलबाडला भाड्यानं राहिलो. सामान हलवायला माणसं लावली होती. मी स्वतः भांडं एका खोक्यात आणि झाकण वेगळं दुसऱ्या खोक्यात, चादरीत गुंडाळून ठेवलं. दोन्हींवर मार्करनं 'काच' लिहिलं. झाकणाच्या खोक्यावर त्यांनी मिक्सर ठेवला. पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की काच व चिनी मातीच्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही. ते मी नंतर वाचलं. असल्या ओळी सगळे नंतरच वाचतात.

झाकणाचे पाच तुकडे झाले होते. एक तुकडा मी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. तुटलेल्या कडेला आतही तोच पांढरा रंग, काचेसारखा चमकणारा, कुठेही भुसभुशीत नाही. आजींची लोणच्याची बरणी फुटली होती तेव्हा आतून खापरासारखी पिवळट-तपकिरी निघाली होती, वरची चकाकी म्हणजे नुसता कातडीचा थर. इथे कातडी आणि मांस एकच. आई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हे असताना नाही फुटलं, ते बरं." आप्पांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. तुकडे मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवले. डबा अजून आहे. टाकायचं नाव काढवत नाही.

नव्या फ्लॅटमध्ये शोकेस नाही. टीव्हीच्या खाली लांबलचक युनिट आहे, त्यात राऊटर आणि बिलं. बिनझाकणाचं भांडं फ्रिजवर आलं आणि त्यात हळूहळू लिंबं, रबरबँड, गॅसवाल्याची सुटी नाणी जमू लागली. मागच्या थंडीत एकदा ते रिकामं करून घासायला घेतलं, पालथं घातलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा तळ नीट वाचला. खाली मुकुटाचं चिन्ह, 'रोझेंथाल', 'स्टुडिओ-लिनी', 'जर्मनी'. आणि त्या सगळ्यावरून आडवा एक ओरखडा.

ओरखड्याचं नंतर सांगते. फोटो काढून मुलाला ऐरोलीला ऑफिसात पाठवला. दहा मिनिटांत त्याचा फोन. "अगं आई, यात तू लिंबं ठेवतेस? हे तापिओ विर्कलाचं डिझाइन आहे!" कोण रे हा विर्कला? मग दोन आठवडे मी रात्री तेच वाचत होते. बँकेतून व्हीआरएस घेतल्याचा हा एक फायदा.

तापिओ विर्कला (१९१५ ते १९८५) फिनलंडचा. त्यानं काचेत, लाकडात, चांदीत, चिनी मातीत, हाताला येईल त्यात काम केलं. फिनलंडच्या नोटांची डिझाइनंसुद्धा केली. वितळणाऱ्या बर्फासारख्या पृष्ठभागाचे 'उल्टिमा थुले' ग्लास त्याचेच. ते मी वाशीच्या मॉलमध्ये स्वस्त नकलांच्या रूपात नक्की पाहिलेत. आमच्या भांड्याच्या मालिकेचं नाव 'व्हेरिएशन', १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची. उभ्या पन्हळी ही तिची ओळख. आम्ही ज्याला निऱ्या म्हणत होतो त्या कोणा फिनिश माणसानं कागदावर काढल्या होत्या, हे वाचून मला उगाच आनंद झाला.

कंपनीची कथा तर वेगळीच. फिलिप रोझेंथाल या माणसानं १८७९ साली बव्हेरियात झेल्ब गावाजवळ दुसऱ्यांकडून कोरी पांढरी भांडी विकत घेऊन त्यावर नक्षी रंगवून विकायला सुरुवात केली. त्याची बायको रंगवायची. पहिला दणक्यात खपलेला माल कुठला, तर पेटत्या सिगारसाठी 'विसाव्याची जागा' असं लिहिलेला अॅशट्रे! पुढे स्वतःचे कारखाने झाले. तो मूळचा ज्यू. नाझी आल्यावर १९३४ साली त्याला त्याच्याच कंपनीतून बाहेर काढलं आणि १९३७ साली तो वारला. मुलगा, तोही फिलिप, युद्धानंतर कंपनीत परतला आणि १९६१ साली त्यानं ही 'स्टुडिओ-लिनी' काढली. कल्पना अशी की आजोबांच्या काळातली गुलाबाची फुलं किती दिवस छापायची, आजच्या चांगल्या कलावंतांकडून आजची भांडी करून घेऊ. वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपिअसनं १९६९ साली त्यांच्यासाठी चहाचा सेट केला. झेल्बमधला त्यांचा १९६७चा कारखानाही ग्रोपिअसचाच. त्या कारखान्यात कामगारांसाठी मधोमध काचेचं हरितगृह होतं आणि त्यात फ्लेमिंगो पाळले होते. मी हे मोठ्यानं वाचलं तेव्हा नवरा म्हणाला, "त्यात काय, कळव्यालाही खाडीत आहेत." आप्पांनी झेल्बला जाऊन ते पक्षी पाहिले होते का, हे विचारायला आता आप्पा नाहीत.

तांत्रिक बाजूही थोडी सांगते, कारण तिचा पुढे उपयोग झाला. कडक पोर्सेलीन म्हणजे केओलीन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ. आधी एकदा हजार अंशांच्या आत भाजतात, मग झिलईत, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या चकाकणाऱ्या लेपात, बुडवून चौदाशे अंशांच्या आसपास पुन्हा. या भट्टीत माती जवळजवळ काच होते आणि आकारानं साधारण सहाव्या हिश्शानं आटते. म्हणजे डिझायनरला जे भांडं हवं त्याहून मोठं बनवावं लागतं आणि सगळीकडून सारखं आटेल अशी प्रार्थना करावी लागते. युरोपला हे जमायलाच अठरावं शतक उजाडलं. माइसनचा कारखाना १७१० सालचा, त्याआधी ते चीन-जपानहूनच यायचं. केओलीन हे नावसुद्धा चीनमधल्या गाओलिंग टेकडीवरून पडलेलं. आपण तर सरळ चिनी मातीच म्हणतो.

आता तो ओरखडा. मला वाटलं मिक्सरवाल्यांचा प्रताप. पण मुलानं शोधून सांगितलं की शिक्क्यावरून असा मुद्दाम चरा मारणं ही जर्मन पोर्सेलीनमधली जुनी रीत आहे. माइसनसुद्धा करतं. भट्टीतून निघालेल्या मालात काही बारीकसं न्यून राहिलं तर त्याच्या शिक्क्यावर चरा ओढतात आणि तो दुसऱ्या प्रतीचा म्हणून कमी दरात विकतात. म्हणजे आप्पांनी मांडीवर बसवून आणलेला आमच्या घराण्याचा ठेवा हा सेकंड्सचा माल!

मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यानं हळूच विचारलं, "आईला सांगायचं?" मी म्हटलं, नको. चौऱ्याऐंशीव्या वर्षी कशाला.

पण न्यून कुठे होतं ते शोधणं मात्र मला गप्प बसू देईना. दुपारी गॅलरीत उन्हात धरून मी पन्हळी एकेक करून तपासल्या. तास गेला असेल. तळापासून दोन बोटं वर, दोन निऱ्यांच्या मधल्या घळीत, झिलईच्या खाली एक तपकिरी ठिपका. मोहरीच्या निम्म्याएवढा. नखानं निघेना, कारण तो वर नव्हताच, आत होता. मातीत लोखंडाचा कण राहिला की भट्टीत असा ठिपका उमटतो. एवढ्यासाठी.

त्या दिवशी माझं आणि त्या भांड्याचं नातं बदललं, असं म्हटलं तर नवरा हसेल. पण मी त्याला हात लावायची भीती तरी सोडली. झाकण गेलेलं, शिक्क्यावर चरा, आता कोणासाठी जपायचं? दर रविवारी सार यातच, असं ठरवून टाकलं.

पहिल्या रविवारीच दोन गोष्टी कळल्या. एक, थंडीत गारठलेल्या भांड्यात उकळतं सार ओतायचं नाही. आधी कोमट, मग गरम पाणी घालून पाच मिनिटं ठेवायचं. पोर्सेलीन टणक असतं पण एकदम तापवलं तर तडकू शकतं. शिवाय गार भांडं साराची निम्मी ऊब स्वतःच पिऊन टाकतं. दुसरी, बिनझाकणाचं भांडं सुंदर दिसतं आणि सार निवतं. स्टीलपेक्षा चिनी मातीतून उष्णता कमी वाहते, ते खरं. पण गरम पातळ पदार्थाची बरीचशी ऊब वाफेवाटे वरून जाते, बाजूंनी नाही. मुलाची दुसरी वाटी होईपर्यंत आमसुलाचं सार सरबत झालं होतं.

जर्मनीत सुटी झाकणं विकणारे लोक आहेत, हे पाहून मी थक्क झाले. आमचं झाकणही एका ठिकाणी सापडलं. पण त्याचं पार्सल आणि वर कस्टम धरून हिशेब केला तर त्यात माझा नवा गॅस आला असता. आणि पुन्हा वाटेत कोणी मिक्सर ठेवला तर?

मग मी कोणा भाचीच्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर भांडं पालथं घालून पेन्सिलीनं वर्तुळ आखलं, कापलं आणि ते पर्समध्ये घालून जांभळी नाक्यावर गेले. तिथल्या भांडीवाल्यानं पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट केला.

"ताई, तोप कुठला आहे?"

"तोप नाही. चिनी मातीचं आहे."

"मग त्याला स्टीलचं झाकण?"

"हो."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. धंद्यात मुरलेला माणूस. दहा नंबरची झाकणी पुठ्ठ्याच्या आत पडत होती, अकरा नंबरची जरा सैल बसत होती. अकराची घेतली. वर ओगराळ्याच्या दांड्यासाठी कडेला खाच करून द्याल का, म्हटलं. चांगल्या सुपाच्या भांड्यांच्या झाकणाला तशी खाच असते. त्यानं मागच्या पोराकडून पत्र्याच्या कात्रीनं ती कापून घेतली, कानस मारून धार घालवली आणि त्याचे पैसेच घेतले नाहीत. "पहिल्यांदाच कोणी झाकणाला भोक पाडून मागितलं," एवढंच म्हणाला.

घरी आणून ठेवली तर खण्ण! कानाला अगदी विसंगत. आणि आठवड्याभरात काठावर करड्या रेघा, पेन्सिलीनं ओढाव्यात तशा. मला वाटलं झिलईला चरे गेले. तसं नव्हतं. झिलई स्टीलपेक्षा कडक, त्यामुळे स्टीलच घासलं जाऊन त्याचा अंश काठावर बसतो. खायच्या सोड्याची ओली पेस्ट बोटानं चोळली, रेघा गेल्या. तारेची घासणी मात्र तिच्या जवळपासही न्यायची नाही. आता झाकणीच्या खाली जुन्या पंचाची एक पट्टी घालते. आवाज गेला, रेघा गेल्या, आणि वाफही धरून राहते.

कोणाकडे जुनी विलायती भांडी असतील तर एक गोष्ट सांगून ठेवते. आमचं भांडं आतून-बाहेरून कोरं पांढरं आहे म्हणून मी त्यात आमसूल, टोमॅटो, चिंच बिनधास्त घालते. पण झिलईच्या वर रंगवलेली जुनी भांडी, ज्यांच्या रंगावर बोट फिरवलं की उंचवटा लागतो, त्यांच्या रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. नक्षी आतल्या अंगाला असेल तर तिला शोकेसच बरी.

गेल्या रविवारी मुलगा-सून आले होते. ती दोघं हॉटेलात गेली की सूप वन बाय टू मागवणारी पिढी, तिला घरात एवढं मोठं सुपाचं भांडं बघून गंमत वाटली. नारळाच्या दुधातलं टोमॅटोचं सार केलं होतं, जिरं-कढीपत्त्याची फोडणी वरून. मी भांडं आणून टेबलाच्या मधोमध ठेवलं, वर अकरा नंबरची झाकणी, तिच्या खाचेतून ओगराळ्याचा दांडा बाहेर. आईंना खुर्चीत बसवलं. इतके दिवस त्या आपल्या खोलीतच जेवत होत्या, गुडघ्यांमुळे. हे सगळं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी झाकणीकडे पाहिलं. पंचाच्या पट्टीकडे पाहिलं. मी श्वास रोखून उभी.

"जरा इकडे सरकव," म्हणाल्या.

मी सरकवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि बोटं भांड्याच्या अंगावरून, खालच्या बाजूनं, हळूहळू फिरवत नेली. एक पन्हळ, दुसरी पन्हळ. एका जागी बोट थांबलं. मग दोन्ही हातांनी त्यांनी भांडं थोडं फिरवलं, ठिपका भिंतीकडे केला आणि म्हणाल्या, "हं. वाढ आता."